कामरगावची बारी

मेडशी
ता. १२ जानेवारी १९३६

दादाले धाकट्या बहिणीचा, विजयमालाचा, नमस्कार.

संक्रांत दोन दिवसांवर आली. तीळ धुवून वाळू घातले अन् ते राखत बसल्या बसल्या हे पत्र लिवून राह्यली. मळ्यात वांगे-मिरच्या बऱ्या हायेत. सासूबाईचे गुडघे दुखतात. बाकी सारे खुशाल.

आता कामाचं सांगतो. माहा दीर जगदेव. माह्या लग्नात तो मांडवातच झोपून गेला होता, तुले आठवत असंन. आता बावीस वर्षांचा गडी झाला, लग्न झालं, गिरजा नावाची गुणी जाऊ मले भेटली. दादा, तो गाते. मोट हाकता हाकता गाते, अन् गाणं सोताच जोडते. पातूरच्या बाजारले जाणाऱ्या गाड्या आमच्या धुऱ्यापाशी थांबतात. मागच्या आठवड्यात एक गाडीवान खाली उतरून अर्धा घंटा बांधावर बसला होता, अन् बैलं आपले गाडीसंगट रस्त्यात उभे. रामधन म्हणून त्याचा दोस्त हाय, तो ढोलकी वाजवते.

घरात हे चालत नाई. आमचे हे म्हणतात का ज्यानं डफ हाती घेतला तो मळ्यातून गेला. पण तू कामरगावच्या फडाचा कारभारी. चैताच्या जत्रेत तुह्या फडावर त्याले एकडाव उभं राहू दे. एकच बारी. या घरात लिवता-वाचता मले एकटीलेच येते, म्हणून हे पत्र तुह्या-माह्यातच हाय.

तुही,
विजयमाला

———

कामरगाव
ता. २० जानेवारी १९३६

बाईले अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. बहिणीचा दीर म्हणून बारी देल्ली तं उद्या साऱ्या गावाचे साळे-मेव्हणे रांगेत उभे राहतीन.

तुले आमच्या जत्रेचं नीट ठाऊक नाई. तिथं नुसतं गोड गाऊन चालत नाई. समोर पुसदाकडचा शाहीर मोहनसिंग राह्यते. तो गाण्यात सवाल टाकते, त्याचा जवाब जागच्या जागी जोडून गावा लागते. नाई जमला तं आपला डफ खाली ठेवून उठा लागते. सात वर्षं झाले, आमचा डफ खाली ठेवून राह्यलो. आमचा शाहीर रामकिसन आता म्हातारा झाला, त्याचा गळा गेला. डफ ठेवला का दोन हजार लोकं हसतात. ते हसणं मी घरी घेऊन येतो अन् वर्षभर त्याच्यासंगं जेवतो.

इंझोरी जगदेवची सासुरवाडी हाय ना? तिथं माघात भंडारा राह्यते, डफाची लहानशी बारी होते. तिथं उभा राहू दे. टिकला तं मले लिव. आमच्या जावायाले, पुंजाजीले, माहा रामराम सांग. पण कायचा ते सांगू नोको.

दौलत

———

मेडशी
ता. १६ फेब्रुवारी १९३६

दादाले नमस्कार.

टिकला! म्या काही पाह्यलं नाई, पण गिरजा माहेरी म्हणून गेली होती, तिनं बायकायच्या मागं बसून सारं पाह्यलं. तिच्या तोंडून जसं ऐकलं तसं सांगतो.

पहिले तं त्याची फजितीच झाली. डफाचं चामडं दवानं ढिलं पडलं होतं, थाप मारली का पोत्यावर मारल्यावाणी आवाज येये. लोकं खिदळले. यानं डफ घेतला, कढई चालू होती तिथं चुलीपाशी जाऊन बसला अन् शेकू लागला. शेकता शेकताच गाणं धरलं. स्वयंपाक्यायचे हात थांबले. मंग तिथून तो गातच उठला अन् मधात आला, मागून रामधनची ढोलकी. इंझोरीच्या एका म्हाताऱ्यानं आपल्या डोक्याचा फेटा काढून त्याच्या डोक्याले बांधला. गिरजाच्या बाजूच्या बाया इचारू लागल्या, "कोणाचा गडी हो हा?" ही लाजून काही बोल्लीच नाई. आता घरी येऊन मले पन्नास वेळा सांगून राह्यली.

आमच्या यायले बाजारात कळलंच. दोन दिवस जगदेवसंगं बोल्ले नाई. तिसऱ्या दिवशी मोटेवर म्हणतात कसे, "सूर लय वर नेऊ नोको, बैल थांबते अन् पाट कोरडा पडते." दादा, यायच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे परवानगीच समज.

विजयमाला

———

कामरगाव
ता. २५ फेब्रुवारी १९३६

बाईले आशीर्वाद.

इंझोरीचे दोन माणसं आमच्या इथं आले होते. तुवा लिवलं त्याहून जास्तच सांगून गेले. रामकिसनले म्या इचारलं, तो म्हणे, "माह्या हातानं त्याले डफ देतो."

तवा ठरलं. चैती पोर्णिमा सहा एप्रिलले हाय. जगदेव अन् रामधननं तीन-चार तारखेपर्यंत यावं. अकोल्याहून आगगाडीनं मूर्तिजापूर, तिथं माही गाडी उभी राहीन. पुंजाजीले मी अलग पत्र लिवतो, ते तूच वाचून दाखवशीन, तवा जरा गोड आवाजात वाच.

बाई, सात वर्षानं मले झोप लागून राह्यली.

दौलत

———

मेडशी
ता. २७ मार्च १९३६

दादाले नमस्कार.

घाईनं लिवून राह्यली. इथं हेमराज बैलवाल्याचा माणूस तुमच्याकडून आला. तो म्हणे कामरगावात हैजा हाय, दोन माणसं उलटी-जुलाबानं गेले. हे ऐकून यायनं जगदेवचं जाणं बंद केलं. जगदेवचं परवापासून मोटेवर गाणं बंद हाय. गिरजा एकीकडं म्हणते जाऊ द्या, एकीकडं म्हणते नोको.

हे म्हणाले, "तुह्या भावाले इचार. तो जे लिवीन ते मी मानीन." तवा दादा, खरं काय ते लिव. हैजा असंन तं पुढच्या वर्षी येईन तो. बावीस वर्षांचा हाय, कुठी पळून चालला?

विजयमाला

———

कामरगाव
ता. ३० मार्च १९३६

बाईले आशीर्वाद.

असं काही नाई. चतुराबाई म्हातारी गेली, ती ऐंशी वर्षांची होती. लखीराम भर उन्हात बैलं घेऊन आला, त्याले ऊन लागलं. दोघंच. याले कोणी हैजा म्हणते का? ही आवई मोहनसिंगाच्या माणसायनं उठवली असंन. त्यायले कळलं का यंदा आमच्याकडं गळा हाय.

हैजा असता तं सरकारनं जत्रा होऊ देल्ली असती का? मांडव पडून राह्यला, दुकानं लागून राह्यले.

हे पत्र पुंजाजीले वाचून दाखव. जगदेव माह्या घरी राहीन, माह्या पंगतीले जेवीन. तो तुहा दीर तसा माहा भाऊ. बेफिकीर पाठव.

दौलत

———

कामरगाव
ता. ७ एप्रिल १९३६

बाई,

काल पोर्णिमा झाली. आमचा डफ खाली ठेवला नाई!

तिसऱ्या पहराले बारी उभी राह्यली. देवळामागच्या चिंचायखाली पाय ठेवाले जागा नोयती. मोहनसिंगानं एकाहून एक सवाल टाकले, जगदेवनं एकेक उचलून परत केला. ऊन तापलेलं, दोघायचेही गळे सुकून आले. मंग मोहनसिंगानं शेवटचा टाकला, का देहाच्या घराले नऊ दारं हे तं लेकराले ठाऊक, दहावं दार कुठी ते सांग. रामकिसनचं तोंड उतरलं. मले वाटलं, गेलं हे वर्ष. जगदेव पाणी प्याला, डफ छातीशी धरला, डोळे मिटले अन् असा सूर लावला का चिंचेवरचे राघू उडाले.

"नऊ दारं माह्या घरी, दहावं तुह्या कानी,
नवांतून मी जाईन भाऊ, दहाव्यातून येईन गानी."

लोकं उठून उभे राह्यले. मोहनसिंगानं सोताच्या हातानं आपला डफ खाली ठेवला अन् याच्यापाशी आला. "कोणाचा रे तू?" "मेडशीच्या मळ्यातला." "काय पिकते मळ्यात?" तं हा म्हणते, "वांगे!" दोन हजार लोकं हसले. पण बाई, हे हसणं अलग होतं.

तो जरा थकला हाय. दोन-तीन दिवस ठेवून घेतो. काळजी करू नोको, अन् कोणाले इकडं पाठवूही नोको.

दौलत

———

मेडशी
ता. २४ एप्रिल १९३६

दादा,

रामधन बारा तारखेले एकटाच आला. हातात अस्थीचं गाठोडं होतं. अंगणात उभा राहून त्यानं तुहा निरोप सांगतला, का नऊ तारखेले जगदेवले ऊन बाधलं अन् तो गेला. सांगतला अन् तिथंच खाली बसला. सासूबाईनं गाठोडं मांडीवर घेतलं, ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाई.

तेरवी झाली. पण गिरजानं अजून बांगड्या फोडू देल्ल्या नाई. बाया आल्या, म्हाताऱ्यायनं समजावलं. ती एकच म्हणते, "मले आधी सांगा तो कायनं गेला." लोकं म्हणतात ही येडी झाली. मले तसं वाटत नाई.

काल मी रामधनच्या घरी गेली. तो खाटेवरून उठून बसला. मंग म्हणे, "वहिनी, जत्रेच्या दिवशी तुमच्या भावाच्या घरचं कोणीच देवळाच्या विहिरीचं पाणी पीत नोयतं. त्यायच्यासाठी गाडीवर टाकी ठेवून वावरातल्या विहिरीचं पाणी येये." एवढंच बोल्ला अन् भिंतीकडं तोंड करून निजला.

काहून दादा? वावरातलं पाणी कायले आणत होते तुमी?

विजयमाला

———

कामरगाव
ता. २ मे १९३६

बाई,

हे पत्र एकलीच वाच. वाचून चुलीत टाक.

हैजा होता. चतुराबाई हैज्यानं गेली हे मले ठाऊक होतं. लखीरामले म्या खांदा देल्ला, त्याचं अंग कसं झालं होतं ते म्या पाह्यलं. दोघंही देवळाच्या विहिरीचंच पाणी प्यायचे. गावातले आमी चार जण बसलो अन् ठरवलं का जत्रेपर्यंत तोंड उघडायचं नाई. तहसीलीत कळलं असतं तं जत्रा बंद झाली असती. बाकीच्यायचं काय होतं ते त्यायले ठाऊक. माह्या डोक्यात एकच होतं, यंदा माह्याकडं गळा हाय. तुहं पत्र आलं तवा म्या ते दोनदा वाचलं अन् जवाब लिवाले मले वेळ लागला नाई. हे तुले ठाऊक असावं.

घरच्यायसाठी वावरातलं पाणी आणत होतो. जगदेवले घरी तेच देत होतो. पण बारीच्या दिवशी टाकी दुपारलेच संपली. मोहनसिंगानं दहाव्या दाराचा सवाल टाकला, जगदेवनं माह्याकडं पाह्यलं अन् हात पुढं केला. त्याचा गळा सुकला होता. कोणीतरी विहिरीतून नुकताच ओढलेला लोटा माह्या हाती देल्ला. बाई, म्या त्या पाण्याकडं पाह्यलं. मले सारं ठाऊक होतं. दोन हजार लोकायसमोर 'हे पिऊ नोको' म्हणालो असतो तं काहून म्हणून लोकायनं इचारलं असतं. म्या लोटा त्याच्या हातात देल्ला. तो सारा प्याला. मंग गायला.

सात तारखेले मी तुले ते आनंदाचं पत्र लिवत होतो, तवा तो मागच्या आंगणात चौथ्यांदा उठून चालला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज गेला. ओठ हालत, पण आवाज नाई. नऊ तारखेले सकाळी तो गेला. शेवटपर्यंत शुद्धीत होता. मले हातानं खुणावत होता का वहिनीले कळवा.

जत्रेनंतर गावात अकरा जण गेले. बाहेरचे किती, कोणाले ठाऊक. इन्स्पेक्टर आला, साऱ्या विहिरीत लाल दवा टाकली. देवळाच्या विहिरीले मात्र लोकायनं हात लावू देल्ला नाई, देवाचं पाणी बाटते म्हणे. तिचं पाणी कोणी पीत नाई असं त्याले सांगतलं. मी बाजूलेच उभा होतो.

घरी सांग का वाटेत कुठीतरी पाणी प्याला असंन. गिरजाबाईले तेवढं पुरे हाय. खऱ्यानं तिचा माणूस परत येत नाई.

दौलत

———

मेडशी
ता. १४ मे १९३६

दादा,

तुहं पत्र आलं तवा सारे घरीच होते. सारे घरी असताना पत्र आलं का मी मोठ्यानं वाचतो अन् सारे ऐकतात. पहिलीच ओळ होती 'एकलीच वाच'. मी थांबली. गिरजा समोर बसून मिरच्याचे देठ तोडून राह्यली होती. तिनं वर पाह्यलं अन् म्हणे, "वाचा न बाई." म्या वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एक अक्षर सोडलं नाई.

कोणी रडलं नाई. हे उठले, मळ्यात गेले अन् मोट जुंपली. सकाळीच ओलवलेल्या वाफ्यात परत पाणी सोडलं. दिवस बुडेपर्यंत हाकत होते, वाफे फुटून पाणी रस्त्यावर आलं तरी.

सासूबाईनं मले इचारलं, "विजे, ते जत्रेच्या आधीचं पत्रही तूच वाचलं होतं ना?" म्या म्हटलं, "हाओ." दादा, लिवलं तुवा, पण या घरात ते माह्या तोंडून आलं. 'बेफिकीर पाठव' हे म्या जरा जोरानंच वाचलं होतं, कारण मलेही वाटत होतं का त्यानं जावं. हे मी जगदेवले सांगू शकत नाई, म्हणून तुले सांगून राह्यली.

गिरजा मिरच्या संपेपर्यंत बसली. मंग उठली, विहिरीच्या दगडापाशी गेली अन् सोताच्या हातानं बांगड्या फोडल्या. परत आली ते हाताले फडकं गुंडाळून. मले म्हणे, "लिवा त्यायले. म्हणा, मले सांगतलं तसं आता तुमच्या गावाले सांगा. हेच पत्र तिथं उभं राहून वाचा, जिथं त्यायनं गायलं. अन् त्या विहिरीचं नाव घ्या."

म्हणून तुहं पत्र चुलीत टाकलं नाई. यासंगं परत पाठवून राह्यली. दिवाळीले मले न्याले येऊ नोको. तुहं वाचून झालं का तेवढं कळव.

विजयमाला

———

कामरगाव
ता. ३० ऑक्टोबर १९३६

बाई,

वाचलं. पण कसं अन् कवा, ते सारं सांगतो.

तुहं पत्र आलं तवा वैशाख होता. म्हटलं गाव लग्नायत गुंतलं हाय, मंग वाचू. मिरग आला, लोकं पेरणीले गेले. आखाडी झाली. पोळ्याच्या दिवशी सारं गाव तोरणाखाली जमलं होतं, पत्र माह्या बंडीच्या खिशात होतं. हात खिशापर्यंत गेला. बैलं सुटले, लोकं नाचले, मी घरी येऊन पुरणपोळी खाल्ली. पोळा झाल्यावर परत उलटी-जुलाब सुरू झाले. या डाव सहा गेले. तरी मी गप्प होतो. आता कायच्या तोंडानं सांगू, असं वाटे.

परवा देवळामागं पुढच्या जत्रेची बैठक झाली. मानोऱ्याकडं हेमसिंग नावाचा नवा गळा निघाला हाय, एकोणीस वर्षांचा. लोकं म्हणाले, "दुसरा जगदेव भेटला." कागद-दौत माह्यासमोर ठेवली अन् म्हणाले, "दौलतभाऊ, तुमीच लिवा त्याले, तुमच्या पत्रानं माणूस येते." म्या दौत बाजूले सारली, खिशातून ते पत्र काढलं अन् उभा राह्यलो.

सारं वाचलं. चतुराबाईचं नाव, लखीरामचं नाव, जगदेवचं, विहिरीचं, लोट्याचं. ज्या चौघायनं ठरवलं होतं त्यातले दोघं उठून गेले, तिसरा म्हणे, "झालं गेलं, आता कायले?" रामकिसन तोंडावर उपरणं घेऊन बसला होता.

मंग बायकायतून जिजाबाई उठली. लखीरामची बायको. पदर डोक्यावरून पडला, तो तिनं सावरला नाई.

"दौलतभाऊ," ती म्हणे, "हे लिवलं कवा?"

म्या म्हटलं, "वैशाखात."

"अन् वाचून राह्यले आश्विनात."

म्या पत्राची घडी केली.

"माही सून भादव्यात गेली," ती म्हणे. "याच विहिरीवरून घागर आणे."

मंग ती चालत गेली अन् विहिरीच्या काठावर जाऊन बसली. दोर ओढून घेतला, मांडीवर ठेवला. ज्या बाया घागरी घेऊन आल्या होत्या, त्या उभ्या राह्यल्या, मंग एकेक करून परत गेल्या. तिले उठ म्हणाची कोणाची हिंमत झाली नाई, माहीही नाई.

गिरजाबाईले सांग, वाचलं. अन् उशिरा वाचलं, हेही सांग.

दौलत